मोठी लाँच दोनच माणसांनी जेट्टीला सुरक्षित कशी लावावी?

कांदाटी_खोरे

नमस्कार. आमचे गाव शिवसागर जलाशयाच्या काठी, तापोळ्याच्या पलीकडच्या अंगाला आहे. आजवर आमच्या घरी फायबरच्या लहान बोटी होत्या. काठ जवळ आला की एकाने उडी मारायची, नाळ म्हणजे बोटीचे पुढचे टोक हाताने धरायची आणि बोट ओढून घ्यायची, एवढीच रीत आम्हांला ठाऊक होती. यंदा आम्ही सुमारे 40 फूट लांबीची पोलादी लाँच घेतली आहे. आत एकच डिझेल इंजिन, एकच पंखा आणि त्यामागे सुकाणू. माणसे आणि माल भरल्यावर तिचे वजन 12 टनांच्या आसपास जाते. लाँचवर आम्ही दोघेच असतो, चालवणारा मी आणि दोर सांभाळणारा माझा धाकटा चुलतभाऊ.

दुपारनंतर खोऱ्यातून वारा सुटतो आणि लाँचची उंच बाजू व वरचे छत त्या वाऱ्याला चांगलेच सापडते. अशा वेळी तरंगत्या जेट्टीला लागताना एक टोक बांधेपर्यंत दुसरे टोक दूर जाते, भाऊ धावत मागे जातो आणि प्रवासी मदत म्हणून उभे राहून हात बाहेर काढतात. हे मला धोक्याचे वाटते. तिसरा माणूस ठेवणे सध्या परवडणारे नाही, आणि ठेवला तरी तो रोज हजर असेलच असे नाही. म्हणून जाणकारांना विचारतो, की कोणालाही उडी मारायला न लावता दोघांनीच ही लाँच कशी लावावी आणि पहिला दोर कोणता टाकावा?

यंत्रशाळा_कुपवाड

उत्तर देण्याआधी एक माहिती हवी. लाँच पुढे जात असताना मागून पाहिले, तर पंखा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो की उलट? पुढचे बरेच काही त्यावर ठरेल.

कांदाटी_खोरे

मागून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने.

यंत्रशाळा_कुपवाड

मग तुमच्या लाँचचा पंखा उजव्या फेऱ्याचा आहे. असा पंखा रिव्हर्समध्ये टाकला की तो लाँचला नुसता मागे ओढत नाही, तर तिची पिछाडी डाव्या बाजूला सरकवतो. सुकाणू सरळ असले तरी हे घडते, कारण रिव्हर्सच्या सुरुवातीला सुकाणूवरून पाण्याचा पुरेसा झोत जात नाही आणि पंख्याचा आडवा रेटा तेवढा शिल्लक राहतो. त्यामुळे निवड तुमच्या हाती असेल तेव्हा लाँचची डावी बाजू जेट्टीकडे ठेवून या. सुमारे 20 ते 30 अंशांच्या कोनात हळू या, नाळ जेट्टीला टेकण्याआधी सुकाणू उजवीकडे वळवून लाँच समांतर करायला लागा आणि मग थोडा वेळ रिव्हर्स द्या. लाँच थांबेल आणि पिछाडी आपोआप जेट्टीकडे येईल. उजवी बाजू लावायला गेलात तर तोच रिव्हर्स पिछाडीला जेट्टीपासून दूर नेईल, आणि भावाची मागची धावपळ कदाचित त्यातूनच होत असेल.

कांदाटी_खोरे

आपण अगदी बरोबर ओळखलेत. प्रवाशांची चढण्याची फळी उजव्या बाजूला असल्यामुळे आम्ही नेहमी उजवी बाजू लावतो. वाऱ्याचा दोष म्हणून जे समजत होतो त्यात पंख्याचाही वाटा आहे, हे आज कळले. फळी डावीकडे हलवता येईल.

दर्यासारंग_मिरज

मी व्यापारी जहाजांवर डेक विभागात नोकरी केली आहे. जहाजे फार मोठी असतात, तिथे त्यांना ओढायला टग, म्हणजे लहान ताकदवान बोटी असतात, तरीही मूळ गणित बदलत नाही. माझा पहिला आग्रह वेगाविषयी आहे. वेग दुप्पट झाला की टक्कर देणारी ऊर्जा चौपट होते. 12 टनांची लाँच अगदी चालण्याच्या गतीने येत असली तरी तिला हाताने किंवा पायाने थांबवणे कोणत्याही माणसाच्या शक्तीबाहेरचे आहे. लाँच आणि जेट्टी यांच्या मध्ये हात, पाय किंवा बांबू घालणे पूर्ण बंद करा. मध्ये घालायची वस्तू एकच, ती म्हणजे फेंडर, बाजूला टांगलेली धक्का सोसणारी गादी. जुने टायर चालतील, परंतु ते जेट्टीच्या उंचीला नेमके येतील असे बांधा आणि जेट्टी दिसण्याआधी बांधून ठेवा. ऐनवेळी बांधलेला फेंडर बहुधा चुकीच्या जागी असतो.

गती कमी ठेवायची म्हणजे सतत गिअरमध्ये राहायचे असेही नाही. थोडा वेळ गिअर, थोडा वेळ न्यूट्रल, पुन्हा थोडा गिअर, अशा लहान लहान टप्प्यांत या. मात्र लाँच इतकीही मंद होऊ देऊ नका की सुकाणू ऐकेनासे होईल, कारण पाणी सुकाणूवरून वाहिले नाही तर ते निरुपयोगी असते. अशा वेळी सुकाणू हव्या त्या बाजूला पूर्ण वळवून अगदी क्षणभर पुढचा गिअर दिला, तर पंख्याचा झोत सुकाणूवर आदळून पिछाडी फिरते आणि लाँचला फारसा वेगही येत नाही.

आणखी एक गोष्ट नव्या चालकाच्या लक्षात लवकर येत नाही. पुढे जाणारी बोट मोटारीसारखी पुढच्या चाकांवर वळत नाही. ती नाळेपासून साधारण एक तृतीयांश अंतरावरच्या बिंदूभोवती फिरते, म्हणून नाळ थोडी आत जाते तेव्हा पिछाडी पुष्कळ बाहेर फेकली जाते. चालवताना नजर नाळेवर असते, पण धडक बहुतेकदा पिछाडीची बसते.

अजिंक्यतारा_पायथा

मूळ प्रश्न पहिल्या दोराचा होता, म्हणून त्याकडे वळतो. मी मूळचा साताऱ्याचा. कामानिमित्त युरोपात राहिलो आणि तिथे पती-पत्नी दोघेच 40 फुटी शिडाच्या बोटी बंदरात लावताना जवळून पाहिले, पुढे स्वतःही शिकलो. दोघांच्या बोटीवर सर्वांत उपयोगी दोर नाळेचाही नाही आणि पिछाडीचाही नाही. तो असतो बोटीच्या मध्यावरचा.

कृती अशी. लाँचच्या मध्याजवळ, जेट्टीकडच्या बाजूला एक मजबूत क्लीट, म्हणजे दोर अडकवायची दोन शिंगांची लोखंडी पकड हवी. दोराचे एक टोक त्यावर पक्के आणि दुसऱ्या टोकाला मोठा फास. लाँच जेट्टीच्या बाजूला येऊन जवळजवळ थांबली की भावाने लाँचवर उभे राहूनच तो फास जेट्टीवरच्या खुंटात टाकायचा, आणि तो खुंट लाँचच्या मध्यापेक्षा थोडा मागे असला पाहिजे. आता इंजिन अगदी मंद ठेवून पुढचा गिअर द्या. लाँच पुढे सरकेल, दोर ताणला जाईल आणि पुढे जाता येत नाही म्हणून ती जेट्टीकडे ओढली जाईल. सुकाणू जेट्टीपासून दूरच्या बाजूला वळवून ठेवा, म्हणजे पिछाडी आत राहील. नाळ बाहेर जाऊ लागली तर सुकाणू थोडे सैल करा, पिछाडी बाहेर जाऊ लागली तर अधिक वळवा. दोन-चार वेळा केल्यावर अशी जागा सापडते, जिथे लाँच जेट्टीला समांतर चिकटून राहते. इंजिन त्याच मंद गिअरमध्ये चालू ठेवून चालक सुकाणूपाशीच थांबतो आणि दुसरा माणूस शांतपणे उतरून नाळेचा आणि पिछाडीचा दोर बांधतो. घाई उरत नाही, आणि दोन माणसांच्या बोटीवर घाई हाच सर्वांत मोठा धोका आहे.

घाटावरचा

पहिल्या दोराबाबत माझे मत वेगळे आहे. आमच्या पिढ्या कृष्णेवर नाव चालवत आल्या. वाहत्या पाण्यात नाळेचा दोर आधी गेला पाहिजे. मध्यावर बांधून बसलात आणि प्रवाहाने नाळ बाहेर नेली, तर नाव आडवी होते आणि आडव्या नावेवर पाण्याचा सगळा रेटा येतो. पिछाडी आधी बांधणे तर त्याहून वाईट.

नदीत लागायचे ते नेहमी प्रवाहाकडे तोंड करून. उताराला वाहत आलात तरी घाट ओलांडून खाली जा, वळा आणि वर तोंड करून परत या. प्रवाहाइतकाच वेग इंजिनाला दिला की नाव काठाच्या हिशेबाने जागच्या जागी उभी राहते, परंतु सुकाणूवरून पाणी वाहत असल्यामुळे ती पूर्ण ताब्यात असते. मग नाळ काठाकडे किंचित कलती करायची. प्रवाहच नावेला आडवी सरकवत काठाला आणतो. कोन जास्त झाला तर पाणी नाळेला धरते, म्हणून किंचित हा शब्द जपून वापरला आहे.

अजिंक्यतारा_पायथा

घाटावरचा, आपले म्हणणे वाहत्या नदीसाठी मला पूर्ण मान्य आहे. मी लिहिले ते संथ पाण्यातील जेट्टीसाठी. शिवसागरात प्रवाहाचा प्रश्न नगण्य आहे, वाऱ्याचा आहे. आपण सांगितलेली रीत मात्र वाऱ्यालाही लागू पडते, कारण शक्य तेव्हा वाऱ्याकडे तोंड करून आले तर वाराच ब्रेकचे काम करतो.

वारणेकाठची

मी बोट चालवत नाही, प्रवासी म्हणून लिहिते. बोट काठाला येताच लोक उभे राहतात आणि उतरायच्या बाजूला गर्दी करतात. उभ्या माणसांमुळे भार वर जातो, एका बाजूच्या गर्दीमुळे बोट कलते, आणि नेमक्या त्याच वेळी काठाचा धक्का बसतो. 2019 च्या महापुरात आमच्या पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांनी भरलेली बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. तो प्रसंग पुराच्या पाण्यातील होता आणि त्याची येथील प्रश्नाशी तुलना करण्याचा हेतू नाही, परंतु त्यानंतर आमच्या भागातील कोणालाही बोटीतील गर्दीची बाब किरकोळ वाटत नाही. दोघेच असाल तर प्रवाशांना बसवून ठेवणे हेही बोट लावण्याच्या कामातच धरावे, अशी विनंती.

कांदाटी_खोरे

ताई, आपला मुद्दा मनापासून पटला. जेट्टी दिसू लागल्यावर भावाने सर्वांना एकदाच स्पष्ट सांगावे, की तीनही दोर बांधून होईपर्यंत कोणी उठणार नाही आणि कोणी हात बाहेर काढणार नाही, असे आजपासून ठरवतो. लाइफ जॅकेटही लाँच पूर्ण बांधली गेल्यावरच काढू देऊ.

दर्यासारंग_मिरज

त्यात एक भर घालतो. जेट्टीवर उभे असलेले मदतनीस हाही धोक्याचा भाग असतो. कोणी तरी दोर द्या म्हणते, आपण नाळेचा दोर फेकतो, ते सद्भावनेने जोर लावून ओढते, नाळ आत जाते आणि पिछाडी बाहेर फिरते. काठावरच्या माणसाला काम सांगायचे तर एकच सांगावे, की फास त्या खुंटात घाला आणि हात सोडा. ओढण्याचे काम इंजिनाचे आहे.

दोघांमधील बोलणेही आधी ठरवा. डिझेलच्या आवाजात पिछाडीपर्यंत शब्द पोहोचत नाहीत. हाताच्या तीन खुणा पुरेत. जेट्टीपासूनचे अंतर, थांबा आणि दोर पक्का झाला. भावाने दोर पक्का झाल्याची खूण केल्याशिवाय आपण गिअर द्यायचा नाही.

बामणोली_धार

सर्वांचे वाचले. मात्र कोयनेच्या बॅकवॉटरची एक गोष्ट अजून कोणी लिहिलेली नाही, आणि माझ्या मते तीच इथे मुख्य आहे. आमच्याकडे काठ एका जागी राहत नाही. पावसाळ्याअखेर धरण भरले की पातळी समुद्रसपाटीपासून 2163 फुटांपर्यंत जाते आणि मग वीजनिर्मिती व सिंचनासाठी पाणी सुटत जाते, तसा काठ उन्हाळ्यापर्यंत खाली खाली सरकतो. आज जिथे जेट्टी आहे तिथे मार्चमध्ये भेगाळलेली माती असते. तरंगती जेट्टी पाण्याबरोबर खाली येते, पण तिचे नांगर आणि काठाला बांधलेले दोर वेळोवेळी सैल करून पुढे सरकवावे लागतात. वासोट्याच्या पायथ्याला मेट इंदवलीकडे तर बहुतेक वेळा नाळ थेट उतारावर टेकवूनच माणसे उतरवावी लागतात. तिथे ना खुंट, ना क्लीट. मध्यावरचा दोर बांधणार कशाला?

उतारावर लागताना आम्ही पाळतो ते असे. पिछाडीकडून एक नांगर काठापासून बऱ्याच अंतरावर आधीच पाण्यात सोडायचा आणि दोर सैल सोडत सोडत पुढे यायचे. नाळ मातीत हलकी टेकली की नांगराचा दोर आवळायचा. मग लाँच उताराला काटकोनात स्थिर राहते, वाऱ्याने पिछाडी काठाकडे फिरत नाही आणि पंखा खोल पाण्यातच राहतो. निघताना तोच दोर ओढला की लाँच इंजिनाशिवाय मागे येते आणि पंख्यात चिखल जात नाही. मात्र इंजिन चालू असताना नांगराचा दोर कधीही ढिला लोंबू देऊ नये, तो पंख्यात गेला तर तिथेच सगळे थांबते. आणि पाणी उतरले की बुडालेल्या झाडांचे बुंधे व जुने बांध पृष्ठभागाजवळ येतात, म्हणून नवी जागा आधी लहान होडीतून बांबूने चाचपून पाहिल्याशिवाय मोठी लाँच तिथे न्यायची नाही.

घाटावरचा

हे वाचून समाधान वाटले. अनुभवाचे बोलणे आहे. रात्री बांधून ठेवलेल्या लाँचबद्दलही लिहा. आमच्याकडे पावसाळ्यात उलटे होते, पाणी रातोरात चढते. सांगलीत आयर्विन पुलापाशी 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून घाटाच्या कड्यांना आखूड दोराने बांधलेली नाव एका बाजूला ओढली जाऊन पाणी आत घेते.

बामणोली_धार

आमच्याकडे भीती उतरण्याची. नाळ उतारावर टेकवून रात्रभर ठेवली आणि पातळी घसरली, तर सकाळी 12 टनांची लाँच मातीत बसलेली असते आणि दोन माणसे तिला हलवू शकत नाहीत. म्हणून मुक्कामाला लाँच काठावर नकोच. ती पाण्यात नांगरावर किंवा तरंगत्या जेट्टीला असावी. घाटावरचा यांनी सांगितलेली चढत्या पाण्याची काळजी आम्हांला जुलै-ऑगस्टमध्ये घ्यावी लागते.

तासगाव_मळा

दोर कोणता घ्यावा याविषयी कोणी सांगेल का? आमच्या शेततळ्यावरच्या तराफ्याला निळा प्लॅस्टिकचा दोर बांधतो, तो दोन उन्हाळ्यांत कुसकरतो.

दर्यासारंग_मिरज

तो बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा. हलका असतो, पाण्यावर तरंगतो, स्वस्त मिळतो, पण उन्हाने लवकर जीर्ण होतो. बोट बांधण्यासाठी नायलॉनचा दोर घ्यावा. तो ताणला जातो, त्यामुळे हिसका सोसतो. 12 टनांच्या लाँचसाठी 18 ते 20 मिलिमीटर जाडीचा दोर हातालाही नीट धरता येतो. नायलॉनच्या याच गुणाची दुसरी बाजू ध्यानात ठेवा. ताणलेला दोर तुटला तर प्रचंड वेगाने मागे येतो आणि हाडे मोडू शकतो. ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणीही उभे राहू नये, आणि दोराच्या वेटोळ्यात पाय कधीच नको. खुंटाभोवती दोर गुंडाळताना बोटे दोर आणि लोखंड यांच्या मध्ये येऊ देऊ नयेत.

अजिंक्यतारा_पायथा

फास खुंटात लांबून टाकता यावा यासाठी एक सोपा उपाय आहे. फासाचा दोर जाड रबरी नळीच्या तुकड्यातून ओवून घ्यावा. नळीमुळे फास उघडाच राहतो, मिटत नाही. मग बांबूच्या आकड्यावर तो फास अडकवून लाँचवरूनच खुंटावर ठेवता येतो आणि उडी मारण्याचा प्रसंग येत नाही.

वारणेकाठची

एक शंका. बोटीला इतके करण्यापेक्षा नाळेत आडवा पंखा बसवतात असे ऐकले आहे. तो का बसवू नये?

यंत्रशाळा_कुपवाड

बसवता येतो, मोठ्या क्रूझरवर असतोच. परंतु पोलादी लाँचच्या नाळेत आरपार नळी घालायची म्हणजे सांगाडा कापावा लागतो, वेगळ्या बॅटऱ्या लागतात, आणि अशा विजेवरच्या पंख्यांना बहुधा काही मिनिटांहून अधिक सलग चालवता येत नाही. तलावातील काटक्या आणि गवत त्यात अडकते. शिवाय बोटीच्या रचनेत असा बदल केला तर अंतर्देशीय जलयानांच्या 2021 च्या कायद्याखालील नोंदणी आणि तपासणीच्या दृष्टीने तो कळवावा लागेल. माझ्या मते आधी दोर आणि डावी बाजू यांनी प्रश्न सुटतो का ते पाहावे.

कांदाटी_खोरे

गेल्या आठवड्यात आम्ही प्रवाशांविना, सकाळच्या शांत पाण्यात सराव केला. डावी बाजू जेट्टीकडे ठेवली आणि रिव्हर्सने पिछाडी खरोखर आत येते हे पाहिले. मध्यावर क्लीट नसल्यामुळे तात्पुरता दोर कठड्याच्या खांबाला बांधून अगदी मंद गिअरवर पाहिले, तेव्हा लाँच जेट्टीला चिकटून राहिली आणि भाऊ चालत उतरला. कठड्याचा खांब रोजचा ताण सोसणारा नाही हे उघड आहे, म्हणून क्लीट वेल्ड करून घेणार आहोत.

आता दोन प्रश्न उरले. वारा जेट्टीकडून पाण्याकडे, म्हणजे आम्हांला दूर ढकलणारा असेल तर काय करावे? आणि वारा जेट्टीवर दाबत असेल तर निघावे कसे?

अजिंक्यतारा_पायथा

दूर ढकलणारा वारा असेल तर कोन थोडा अधिक ठेवा आणि वेगही किंचित अधिक, कारण समांतर होताच वारा लाँचला बाहेर न्यायला लागतो. मध्यावरचा फास त्या पहिल्या क्षणांतच खुंटात गेला पाहिजे. नाही गेला तर पुन्हा पुन्हा फेकत बसू नका. बाहेर पडा, वळसा घ्या आणि नव्याने या. परत फिरण्याची वाट कोणती, हे प्रत्येक वेळी आत येण्याआधी ठरलेले असावे.

दाबणारा वारा असेल तर लागणे सोपे. लाँचच्या रुंदीइतक्या अंतरावर समांतर थांबा, बाकीचे वारा करतो. निघताना मात्र नाळेजवळून मागच्या खुंटाकडे एक दोर घ्या आणि त्याचे टोक खुंटाभोवतून परत लाँचवर आणा, म्हणजे तो लाँचवरूनच सोडता येईल. नाळेला चांगला फेंडर लावा, सुकाणू जेट्टीकडे वळवा आणि मंद पुढचा गिअर द्या. दोर लाँचला पुढे जाऊ देणार नाही आणि पिछाडी वाऱ्याविरुद्ध बाहेर फिरेल. पुरेशी बाहेर आली की गिअर न्यूट्रल, सुकाणू सरळ, दोर सोडून आत ओढून घ्या आणि मग रिव्हर्स. दोर पूर्ण आत आल्याशिवाय रिव्हर्स देऊ नका.

यंत्रशाळा_कुपवाड

क्लीटविषयी. ते नुसते डेकच्या पत्र्यावर वेल्ड करू नका, पत्रा उचकटेल. आतल्या बरगडीच्या अगदी वर जागा निवडा आणि खालून 8 ते 10 मिलिमीटर जाडीची पट्टी बरगडीला जोडून द्या. नेमकी जागा ठरवण्यासाठी सरावात बांधलात तसाच तात्पुरता दोर मध्यापासून थोडा पुढे आणि थोडा मागे बांधून पाहा. सुकाणू कमीत कमी वळवूनही लाँच समांतर राहते ती जागा योग्य. वेल्डिंगच्या दिवशी बॅटरीची दोन्ही टोके आणि अल्टरनेटरच्या तारा काढून ठेवा, डिझेलची टाकी त्या बाजूला असेल तर ती रिकामी करून हवेशीर होऊ द्या, आणि बिल्जमध्ये, म्हणजे लाँचच्या तळाच्या पोकळीत साचलेले तेलकट पाणी आधी उपसून घ्या.

कांदाटी_खोरे

टाकी उजव्या बाजूला आहे, तरीही रिकामी करूनच काम करून घेऊ. दोन्ही बाजूंना क्लीट बसवावे का?

बामणोली_धार

दोन्ही बाजूंना बसवा. वारा ज्या दिवशी डावी बाजू लावू देणार नाही, त्या दिवशी उजवीकडचे लागेल. आणि वेल्डर साताऱ्याहून येणार असेल तर त्याच फेरीत पिछाडीला नांगराच्या दोरासाठी एक खुंटही करून घ्या.